सुगरणीच्या फिल्मचा शेवट

दादा,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भंतेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलला. मुरुडात पहिला व्हिडिओ कॅमेरा तुझा होता, अर्ध्या गावाची लग्नं तुझ्या कॅसेटींत आहेत, असं बरंच काही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहजिकच आहे. जन्म फळ्यासमोर बोलण्यात गेला, तुझ्या प्रत्येक फिल्ममध्ये आवाज माझा, चार माणसं जमली की बोलायला मीच पुढे. मी उठले, माईक हातात घेतला आणि तोंडातून शब्द फुटेना. कमलवहिनींनी हाताला धरून खाली बसवलं. तू असतास तर म्हणाला असतास, "चला, बाई एकदाची गप बसली."

धाकट्या बहिणीला कोणी बाई म्हणतं का? पण मला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली त्या दिवसापासून, तू चिडलास किंवा चेष्टेवर आलास की मी तुझी बाई. एरवी शालू.

मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतंच. मी तुझ्या कामात एकदा खोटं बोलले आणि एकदा तुझ्या तोंडावर खोटं बोलले. पहिल्यावरून आपण जन्मभर भांडलो. दुसरं तुला कळलंच नाही, असं मी परवापर्यंत धरून चालले होते.

पहिल्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. आता ऐकण्यावाचून तुला दुसरं काही काम नाही.

लातूर जिल्हा नवा झाला होता त्या दिवसांतली गोष्ट. शाळेच्या लेटरहेडवरचं उस्मानाबाद आम्ही पेनाने खोडायचो आणि वर लातूर लिहायचो. "जिल्हा नवा अन् दुष्काळ जुनाच," तू म्हणायचास. गावागावांत टँकर फिरत होते. लग्नं पुढे ढकलली जात होती, जी होत होती ती देवळात, विहारात पाच माणसांत उरकत होती, आणि तिथे व्हिडिओवाल्याला कोण बोलावतंय? तुझा कॅमेरा खोक्यात पडून होता. मी घरी आले की तू त्याची काच पुसत बसलेला दिसायचास.

माझ्या वर्गात पक्ष्यांचा धडा चालू होता. पुस्तकात हंस, शहामृग आणि पेंग्विन. छबू म्हणून एक मुलगी होती, दोन वेण्या, एका वेणीला रिबन तर दुसरीला चिंधी. ती उठून म्हणाली, "बाई, ह्यातलं एक बी आमच्याकडं न्हाई. आमच्या मळ्यातल्या हिरीवर सुगरणी हायत, त्या पुस्तकात का न्हाईत?" संध्याकाळी तुला सांगितलं, तर तू हसलास. "मंग आपुन घालू की. कॅमेऱ्याचं काय लोणचं घालायचंय?"

तेव्हाचा कॅमेरा म्हणजे दोन ओझी. कॅमेरा तुझ्या खांद्यावर, रेकॉर्डरची पेटी माझ्या खांद्याला, आणि दोघांच्या मध्ये हातभर वायर. तू पुढे, मी मागे. तू थांबलास की मी थांबायचं, तू वाकलास की मी वाकायचं. आणि बोलायचं नाही, कारण माईक सगळं ओढून घ्यायचा. मी कसली गप्प बसते! पहिल्या कॅसेटवर सुगरणीच्या आवाजापेक्षा माझंच "अगं बाई, बघ ना दादा, बघ ना" जास्त होतं. तू डोक्याला हात लावलास.

ती बाभूळ विहिरीवर कलली होती. घरटी थेट आडाच्या पोटावर लोंबत होती, आणि पाणी इतकं खाली गेलं होतं की बादलीचा दोर पुरत नव्हता. आपल्या वडिलांच्या, आबांच्या काळात त्या मळ्याच्या विहिरीच्या काठावर आपल्याला कोणी उभं राहू दिलं नसतं. तू तिथे मांडी घालून तासन् तास बसायचास आणि मळ्याचा मालक तुला चहा पाठवायचा. "शालू," तू हळूच म्हणालास, "कॅमेरावाल्याची जात लई भारी हाय बग. कुटं बी बसा." आपण दोघंही हसलो. मी घरी आल्यावर थोडी रडले होते, ते तुला सांगितलं नाही.

मांडी घालून का, असं मी विचारलं होतं. उभ्याने चांगलं दिसलं असतं. तू म्हणालास, "बगणारं लेकरू केवढं हाय? कॅमेरा तेवढ्याच उंचीवर पायजे." लग्नातसुद्धा तू तेच करायचास. सगळे व्हिडिओवाले नवरा-नवरीच्या तोंडात कॅमेरा घालायचे, तू पंगतीत जिलेबी लपवणाऱ्या पोरासमोर उकिडवा बसायचास. लग्नांनी तुला वाट बघायला शिकवलं होतं. अक्षता पडताना नवरीकडे न बघता नवरीच्या आईकडे बघायचं, हे तुला कोणी सांगितलं नव्हतं.

मला तोवर वाटत होतं, सुगरण म्हणजे बाई, घरटं तीच विणते. तू मला बोट करून दाखवलंस, विणतोय तो नर. मादी येते, आत डोकं घालते, आवडलं नाही तर निघून जाते. हिरवं म्हणायला विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर ज्वारीच्या कडवळाचा एक पट्टा तगला होता. त्याच्या पानाची चीर काढून, बाभळीच्या काट्याला त्याने पहिली गाठ मारली, ती तू न थांबता, न हलता घेतलीस. गाठ सुटली. पुन्हा मारली. पुन्हा सुटली. माझ्या खांद्याला रग लागली होती. चौथ्यांदा बसली तेव्हा तू श्वास सोडलास, तोही टेपवर आला.

त्या गाठीवर मी दोन पानं निवेदन लिहिलं. कष्ट, जिद्द, चिकाटी, सगळं त्यात ओतलं होतं. तू वाचून कागद परत दिलास. "हितं गप बस की बाई. तू बोलून राहिलीस, मंग पोरं बगतील कवा?" आपलं भांडण झालं, शेवटी अर्धं पान ठेवलं. मग शाळेत फिल्म दाखवली तेव्हा जिथे माझा आवाज नव्हता नेमकं तिथेच सगळ्या वर्गाची बोटं चोचीसारखी हलायला लागली. पोरं हवेत गाठी मारत होती. तू मागून मला खूण केलीस, दिसलं का? दिसलं होतं, पण मी कबूल केलं नाही.

आणि ते बदाम! नांदेडच्या मिक्सिंगवाल्याने जन्मभर लग्नंच जोडली होती. त्याला आपण कॅसेट दिली आणि चहा प्यायला बाहेर गेलो. येऊन बघतो तर मादी घरट्यावर बसताक्षणी पडद्यावर गुलाबी बदाम उघडला, त्यात नर आणि मादी, वरून फुलांचा पाऊस, खाली सनई. मी संतापले. तू हसून हसून खुर्चीवरून घसरलास. "राहू दे एक," म्हणालास, "त्यानं मनापासून लग्न लावलंय." तो एक बदाम शेवटपर्यंत फिल्ममध्ये राहिला, आणि प्रत्येक शाळेत त्याच्यावर टाळ्या पडल्या.

आता ती सकाळ.

पिल्लं बाहेर यायला झाली होती. घरट्याच्या नळीतून चोची दिसत होत्या. पहिलं उड्डाण घ्यायचं म्हणून आपण दिवस उगवायला मळ्यात पोचलो. बाभळीची ती फांदी नव्हती. काठाच्या अलीकडे ओढून टाकलेली, जमिनीवर पडली होती आणि शेळ्या तिचा पाला खात होत्या. बाजूला लांब काठीला कोयता बांधून छबूची आजी उभी, सरूआजी. चारा कुठेच नव्हता, कडवळाचा पट्टाही तोवर वाळून गेला होता. बाभळीवाचून शेळ्या जगल्या नसत्या, हे आपल्यालाही दिसत होतं. मी ओरडले. तिने खाली वाकून बघितलं आणि मटकन बसली. "मला दिसलंच न्हाई गं माय. अंधारातच तोडली, वरचं काय दिसतंय. शेळ्यांनी खावं तरी काय?"

तू माझ्यासारखा ओरडला नाहीस. तू तिच्यासमोर मांडी घातलीस. "आजी, घेऊ का?" ती म्हणाली, "घे. झालं ते झालं." मग तू घेतलंस. पाला. शेळीचं तोंड. आजीचा हात, त्यावरचं गोंदण आणि काट्यांचे ओरखडे. फुटलेलं घरटं. एका शेळीने ते वाळलेलं गवत म्हणून ओढलं आणि ती चघळायला लागली. तू कॅमेरा हलवला नाहीस. मी वायरीच्या टोकाला पाठ फिरवून उभी होते.

नांदेडला मी सांगितलं, हे लेकरांना दाखवायचं नाही. आदल्या आठवड्यात मादी उडताना घेतलेली होती, ती शेवटी लावायची आणि मी म्हणणार, "आणि एका सकाळी पिल्लानं पंख उघडले." तू म्हणालास, "हे खोटं हाय शालू."

"पोरं रडतील."

"रडू दे. ह्यातली निम्मी पोरं शेळ्यांमागं जात्यात. त्यांनी फांदी तोडलेली बगितली न्हाई व्हय? आपुन त्यांना त्यांच्याच घरचं खोटं सांगायचं?"

आणि मी म्हणाले, "तुला काय कळतं लेकरांतलं? तू लग्नं शूट करणारा माणूस."

दादा, माझ्या डी.एड.साठी तू अकरावी सोडलीस. मी शिकले ते तुझ्या जिवावर, आणि शिकलेली म्हणून तुलाच गप्प केलं. तू मिक्सिंगवाल्याला म्हणालास, "बाई सांगते तसं लाव." मी माफी मागितली नाही. पुढच्या आठवड्यात मागू म्हटलं, मग दिवाळीत, मग राहूनच गेलं.

पहिला खेळ आपल्याच शाळेत झाला. खिडक्यांना पोती लावली होती. शेवटी पिल्लू उडालं, टाळ्या झाल्या आणि छबू उठली. "बाई, ती फांदी तर आमच्या आजीनं तोडली. पिल्लं मेली म्हून आजी जेवली न्हाई. मंग हे पिल्लू कुटून उडालं?" सगळा वर्ग माझ्याकडे वळला. तू मागे व्हीसीआरजवळ उभा होतास. तूही माझ्याकडे बघत होतास. मी म्हणाले, "ते दुसरं पिल्लू होतं." छबू "बरं बाई" म्हणून खाली बसली. तिने त्यानंतर वर्षभर वर्गात काही विचारलं नाही.

पुढे तीच फिल्म घेऊन आपण नायगावपासून हिमायतनगरपर्यंत कुठे कुठे हिंडलो. गोधडीत गुंडाळलेला टीव्ही एसटीत तुझ्या मांडीवर असायचा आणि कंडक्टर विचारायचा, "पाव्हणं, आजारी हाय का कोण?" नंतर आणखी फिल्मा केल्या, वारुळाची, घुबडाची, चिखलातल्या बेडकांची. त्यांत तू मला जागा मोजून द्यायचास, हितं बोल, हितं गप. त्या फिल्मा चांगल्या झाल्या, हे मी तुला कधी तोंडावर सांगितलं नाही. भांडणात मात्र तुझं एकच हत्यार होतं. मी काहीही लपवलं, भाजीतलं जास्त झालेलं मीठ असो की पोरीचे मार्क, तू म्हणायचास, "अन् छबूला काय सांगशील?" छबू नांदायला गेली, तिला लेकरं झाली असतील, सरूआजी तर कधीच गेली. आपल्या घरात ती मुलगी अजून उत्तराची वाट बघत उभीच होती.

मग साखरेने तुझे डोळे नेले. आधी कडा गेल्या, मग मधलं. तू कॅमेऱ्याच्या भाषेत सांगायचास, "फोकस लागंना गेलाय शालू," आणि हसायचास. मी घरी जाऊन दार लावून रडायचे. ज्या माणसाने एका गाठीसाठी श्वास रोखला त्याचेच डोळे जावेत, हे मला अजून पचलेलं नाही. मला कोणावर तरी चिडायचं आहे आणि चिडायला कोणी नाही.

शेवटच्या महिन्यात मी लातूरचं घर बंद करून तुझ्याकडे येऊन राहिले. तू ओसरीत बाजेवर, मी खाली. तिथल्या दिव्याच्या वायरला शिंजीराने घरटं लोंबवलं होतं, कोळ्याच्या जाळ्याचं, मुठीएवढं. तुला आवाजावरून कळलं. "शालू, काय हाय ते सांग."

जन्मभर गप बस म्हणणारा माणूस आता बोल म्हणत होता. मी बोलले. आई आली, म्हटलं. "आई म्हणू नको, मादी म्हण." तिला फार काळजी आहे, म्हटलं. "तुला काय म्हाईत? दिसलं तेवढं सांग." मग मी शिकले. मादी आली. चोचीत कोळी आहे. डावीकडचं पिल्लू आधी तोंड उघडतं. उजवीकडचं बारकं आहे. तू डोळे मिटून, मान थोडी वर करून ऐकायचास, आणि तुझा उजवा हात मांडीवर हळूच फिरायचा. तू फोकस लावत होतास. त्या दोन आठवड्यांत मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं निवेदन केलं, ऐकणारा एकटा तू.

त्या दिवशी तू आत आंघोळीला होतास. मी चहा घेऊन ओसरीत आले तर घरटं फाटून लोंबत होतं. कावळा समोरच्या भिंतीवर बसला होता. एक पिल्लू दिसेना. दुसरं खाली फरशीवर, मुंग्या लागलेलं, ते बारकं. मी ते वर्तमानपत्रात उचललं, जास्वंदीखाली खड्डा केला आणि हात धुऊन बसले. तू काठी टेकत आलास. बाजेवर बसलास. मान वर केलीस.

"सांग शालू."

माझ्याने होईना दादा. तुझ्या अंगावर तोवर काहीच उरलं नव्हतं, मनगट माझ्या बोटांत मावत होतं. मी म्हणाले, "उडाली. दोन्ही उडाली, आत्ताच."

मला वाटलं, आता छबू येणार. पण तू विचारलंस, "कोणतं आधी?"

"बारकं."

"हाव? बरं केलं त्यानं." आणि तू चहाचा कप मागितलास.

पुढे बारा दिवस तू होतास. त्या बारा दिवसांत मला खरं सांगता आलं असतं. मी रोज ठरवत होते.

परवा रात्रीची भांडी घासता घासता वहिनी सहज म्हणाल्या, "शालूताई, त्यांना म्हाईत होतं. कावळा आला तवा मी अंगण झाडून राहिले होते. आंघोळीचं पाणी काढताना सांगितलं मी त्यांना. म्हणले, शालूला कळू देऊ नको. तिला तिचा शेवट करू दे."

तुला माहीत होतं. माहीत असून तू विचारलंस, कोणतं आधी. जन्मभर ज्या खोट्याबद्दल तू मला सोडलं नाहीस, ते तू त्या सकाळी माझ्याकडून ऐकून घेतलंस, वर चहाही घेतलास. नांदेडलाही तू हेच केलं होतंस, बाई सांगते तसं लाव. मी तेव्हा समजले होते, तू हरलास.

काल लोक गेल्यावर मी तुझ्या कॅसेटींचं कपाट उघडलं. सगळ्यांवर बुरशी आहे. सरूआजीची कॅसेट हातात घेतली तर आतली फीत आपल्याच वेढ्यांना चिकटून विटेसारखी झाली होती. ती सकाळ आता कुठेच राहिलेली नाही. तू बघितली होतीस, तू गेलास. मी पाठ फिरवून उभी होते, तरी थोडी दिसलीच होती. म्हणून सांगते. छबू कुठे असेल ती असो, तिलाही सांगते.

फांदी जमिनीवर होती. शेळ्या पाला खात होत्या. आजी खाली बसली. घरट्यात तीन पिल्लं होती, तिन्ही मेलेली. शेळीने घरटं खाल्लं. शेवटी जी उडाली ती मादी होती आणि ती आठवडाभर आधीची होती.

ओसरीतलं घरटं कावळ्याने फाडलं. एक पिल्लू त्याने नेलं. बारकं खाली पडलं होतं. ते उडालं नाही, दादा. जास्वंदीखाली आहे.

दिसलं तेवढं सांगितलं. आता मी गप्प बसते.

तुझी,
शालू